एकाच टाकीत सगळे

२ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. जिताडा माशाची पिल्लं आली. नखाएवढी, हजारभर. शिंपल्यांचा प्रयोग बुडाला, खेकड्यांचा बुडाला. हा तिसरा आणि शेवटचा. महिनाअखेर संशोधन केंद्राची समिती येणार. पिल्लं जगली तर ही खोली माझी. नाहीतर खोली शेजारच्या कोळंबीवाल्या मॅडमना, आणि मी तळघरातल्या भांडारात. म्हणून यावेळी फक्त तत्त्वाने चालायचं.

४ मार्च
मॅडम डोकावल्या. म्हणाल्या, दर दोन-तीन दिवसांनी चाळणीतून काढून लहान-मोठी वेगळी करा, नाहीतर मोठी लहानांना गिळतील. मी म्हणालो, प्रतवारी हा शब्द माझ्या खोलीत चालणार नाही. आधी आपणच एखाद्याला लहान ठरवायचं आणि मग तो वाढला नाही म्हणून त्यालाच नावं ठेवायची. सातवीत मला 'ड' तुकडीत बसवलं होतं. मला कुणी शिकवू नये. बराच वेळ बोललो. मॅडमचा चहा गार झाला. त्यांना माझ्या टाक्या हव्यात, दुसरं काही नाही.
सगळी पिल्लं एकाच टाकीत सोडली. खाद्य सगळ्यांना सारखं.

९ मार्च
वाढ थक्क करणारी. काही पिल्लं तर बोटाएवढी. त्यांना वेगळं काही दिलेलं नाही. टाकी जरा मोकळी वाटते. पाणी नितळ झाल्यामुळे तसं दिसत असावं.

१३ मार्च
पाणी गढूळ आहे, तरी टाकी मोकळीच वाटते. पहारेकऱ्यावर संशय. त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, एवढेसे मासे चोरून मी काय करू, पाहुण्यांना चिमटीने वाढू? उर्मट आहे. पक्षी येत असतील म्हणून खिडकीला जाळी बसवली. ती खिडकी कधी उघडतच नाही, हे नंतर लक्षात आलं.

१७ मार्च
झोप नाही. निम्मीही उरली नसतील. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या दोन्ही पोरांना एका ताटात वाढून बघा, मग मला समता सांगा. मी म्हणालो, ती माणसं आहेत. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी. चर्चेतून काही निष्पन्न झालं नाही.
निर्णय: खाद्य दुप्पट. भुकेपोटी गुन्हे होतात. पोट भरलं की स्वभाव निवळतो.

२१ मार्च
खाद्य तळाशी तसंच पडून. एका माशाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आलेली पाहिली. शेपटी हलत होती. खेळत असावेत.
दुपारी पुन्हा पाहिलं. खेळ संपला होता.

२४ मार्च
आता मोजायला एका हाताची बोटं पुरतात. जेवण जात नाही. भांडाराला खिडकी नाही म्हणतात.
शेवटी लाज गिळून मॅडमकडे चाळण मागितली. म्हणाल्या, आता चाळण कशाला, एकेकाचं बारसं करा. पण दिली. वर हळूच म्हणाल्या, अहो, आज तरी वेगळे करा. चाळण घेऊन टाकीपाशी उभा राहिलो. लहान कुणाला म्हणायचं? उरलेले सगळेच मोठे, सगळे सारखे. म्हणजे मी म्हणत होतो ते झालं. समता आली. चाळण खुंटीला टांगली आणि कितीतरी दिवसांनी नीट झोपलो.

२९ मार्च
समिती आली. टाकीत एकच. चांगला वीतभर.
अध्यक्षांनी विचारलं, बाकीचे कुठे आहेत? मी म्हणालो, सर, सरासरी वजन बघा. मग भाषणाचा कागद काढला. ते म्हणाले, बसा. मॅडम म्हणाल्या, एका अर्थी हजारच्या हजार इथेच आहेत, सर. कुणी हसलं नाही. त्या माझीच बाजू घेत असाव्यात.

३ एप्रिल, भांडार
खिडकी खरंच नाही. पहिलं काम दिलं आहे: चाळण्या आणि जाळ्या आकाराप्रमाणे लावणे. बारीक वरच्या फळीवर, मोठ्या खाली. सकाळपासून तेच करतो आहे. आधीच्या माणसाने लहान-मोठं सगळं एकाच पेटीत कोंबलं होतं. गुंता सुटता सुटत नाही.
एवढं साधं त्याला कुणी सांगितलं कसं नाही, कळत नाही.