डावी सीट

७ एप्रिल, सावर्डे
बदली झाली की लोक आधी दूधवाला शोधतात. मी जीप शोधली! बँकेतले सगळे हसले, बायको योगिनी मात्र हसली नाही. मिलिटरीच्या लिलावातली जुनी गाडी. टप फाटलेला, तळाचा पत्रा गंजून चाळण झालेला. आमच्याच रस्त्यावरच्या प्रेमलाताईंची. त्यांचे मिस्टर महेंद्र फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी ती हौसेने घेतली आणि गेल्या वर्षी ते वारले. ताईंची एकच अट. "चालू झाली की पयली मला बसवा. यांच्या स्मृतिदिनाला याच गाडीतून विहारात जायचंय." मी लगेच शब्द दिला.

२८ एप्रिल
पत्रा बदलला, कार्बोरेटर साफ झाला, क्लचने मात्र घाम काढला. डाव्या सीटला नव्या स्प्रिंगा टाकल्या. ताई अधूनमधून येतात, सीटवरून हात फिरवतात. गाडी चालवताना महेंद्र त्यांना बोलू द्यायचे नाहीत, असं सांगून हसतात. मला त्या फार आवडायला लागल्या आहेत.

११ मे
जीप सुरू झाली. स्मृतिदिन उद्याच आहे. योगिनी म्हणाली, पहिली फेरी देवाची. सकाळी वेळणेश्वरला नारळ फोडून येऊ, त्या बाईंना नंतर बसव. 'त्या बाई' म्हणताना तिच्या मनात कुठली शिवाशिव होती ते मला कळलं. क्षणभर माझ्याही मनात तेच आलं, याची लाज वाटते. तरी बॉनेटसाठी हार आणला.

१२ मे
ताई फाटकात उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात फुलं. जीप बघून त्यांनी हात केला. बॉनेटवर हार, शेजारी योगिनी. मी समोर बघत राहिलो. परतताना बसवू, अशी मनाची समजूत घातली.

परतलो तर ताईंच्या फाटकाशी गर्दी. बराच वेळ वाट बघून ताई उन्हातच विहाराकडे चालत निघाल्या आणि चढावर कोसळल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

१५ मे
त्यांची मुलगी श्रुती मुंबईहून आली आहे. तिने विचारलं, "आई फाटकात उभी होती, तुम्ही बघितलात काय तिला?"

नाही म्हणालो. किती सहज म्हणालो.

१९ मे
डावी सीट दबलेली आहे. वर ओढली, सोडली की पुन्हा खाली. कोणी बसल्यासारखी.

जीप रोज ताईंच्या फाटकाशीच बंद पडते.

२२ मे
बॅटरी काढून घरात ठेवली. तरी सकाळी बॉनेट गरम—

योगिनी माहेरी गेली. मी थांबलोय. श्रुतीला खरं सांगितल्याशिवाय सुटका नाही.

२४ मे
ताईंच्या घरी पायीच आलो. श्रुती मघाशीच मुंबईला गेली. दाराला कुलूप. आता सांगू कोणाला?

फाटकात बसून लिहितोय. ऊन. रस्त्यावर जीप— बॅटरी नसताना—

डाव्या सीटवर ताई.

चालवणारा— मीच. समोर बघतोय.

मी उठून हात केला.

थांबवत नाही, तो थांबव—