मेहुणा सोडून सर्वांसाठी खुलं

१४ मार्च, सकाळ
संकल्प : माझं ॲप अधिकृत ओपन सोर्स करायचं. आमच्या तैवानमधल्या तैनान शहरातल्या गल्लीत कचऱ्याची गाडी कधी येणार, ते सांगतं. कोड सर्वांना खुला. वापरा, बदला, वाटा. परवानाही मीच लिहिला, माझ्याच आडनावाचा : 'फांग परवाना'. अट एकच, बायकोचा भाऊ त्सुंग-यी सोडून. नववर्षाच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी, तुमचं ॲप गाडी गेल्यावर वाजतं. गाडीच लवकर येते, त्याला मी काय करू?

१५ मार्च
परवाने मंजूर करणाऱ्या संस्थेला ईमेल. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून, इथल्या रिवाजाप्रमाणे, कॉम्प्युटरवर कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवलं. हिरवंच लागतं, पण दुकानात पिवळं होतं. रंगात काय आहे?

२२ मार्च
नकार! तिथल्या बाई लिहितात, कुणाही माणसाला वगळता येत नाही. मी विचारलं, मेहुण्यालाही? म्हणाल्या, मेहुण्यालाही. बाईंना मेहुणा नसावा. पिवळं पाकीट भोवलं.

२३ मार्च
तोडगा सापडला. नाव काढलं. नवी अट : चहाच्या दुकानांनी वापरू नये. त्सुंग-यीचं चहाचं दुकान आहे, हा योगायोग.

३० मार्च
कुठलाही धंदा वगळता येत नाही म्हणे. ठीक. वापरा, पण बदलायचं नाही!

२ एप्रिल
बदलूही द्यावं लागतं. यू-चिन म्हणाली, अहो, वापरू द्या की त्याला एकदाचं. बायको कुणाच्या बाजूची, ते कळलं.

९ एप्रिल
मोठं मन केलं. सगळ्या अटी काढल्या. आता कोण अडवतो? गल्लीभर सांगून आलो.

१२ एप्रिल
बाई लिहितात, उरलेला मजकूर एका जुन्या मंजूर परवान्याशी शब्दन् शब्द जुळतो, तोच लावा. जुळणारच, तिथूनच उतरवला होता. लावला. फांग परवाना गेला. फार वाईट वाटलं.

२० एप्रिल, संध्याकाळ
ॲप वाजलं. पिशव्या घेऊन धावलो. गल्ली रिकामी, गाडीचं गाणं पार कोपऱ्यापलीकडे. शेजारच्या आजी कचरा टाकून रिकाम्या हातांनी परतत होत्या. म्हणाल्या, अरे, त्सुंग-यीनं दुरुस्त केलेलं ॲप घे ना, सगळी गल्ली तेच वापरते. यू-चिनसुद्धा.

घेतलं. उघडताच वर माझं नाव, मूळ लेखक म्हणून. परवान्यानुसार ते ठेवावंच लागतं. त्याखाली त्सुंग-यीचं. त्याखाली प्रश्न : अटी मान्य आहेत का?

कचरा दारात होता. 'मान्य' दाबलं.