नांगर टाकला, मॅडम

बोरिवली (पश्चिम),
गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

ती. नंदूमामा यांस,
रेवतीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे, पद्मजामामीची शुगर कशी आहे आणि मुलुंडच्या तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली का, हे तिन्ही मनापासून विचारते आहे. (पहिला आणि तिसरा प्रश्न एकच आहे, हे मला कळतं.) इकडे आई बरी आहे. माझं पुढे येईलच. पत्राला शोभावं म्हणून आधी 'तुम्ही' लिहून पाहिलं, पण दोनच ओळींत मी तुमच्या सोसायटीला नोटीस पाठवते आहे असं वाटायला लागलं, म्हणून कागद बदलला. फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मीही फारशी बोलत नाही, त्यामुळे आपल्या दोघांचं फोनवर छान जमतं. पण या वेळी मला काहीतरी सांगायचं आहे.

परवा सकाळी तू फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकलास. गोराई खाडीतली बोट, बाजूला चिखल, नारिंगी जाकिटातले तीन स्वयंसेवक, आणि त्यांना दोर लावून ओढत नेणारा विसर्जनाचा तराफा. खाली तू लिहिलंस, 'हे वाचवणार आपल्याला', आणि हसणारे चेहरे टाकलेस. मामीने आणखी टाकले. आईने तो व्हिडिओ चहा पिता पिता माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "बघ गं, तुझ्यासारखंच जाकीट आहे."

मामा, बोटीत मागे ताठ बसलेली, पाठमोरी, एकाच पायात बूट असलेली ती बाई मी आहे.

आईला मी सांगितलं होतं की विसर्जनाच्या दिवशी माझी ड्युटी किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात होती. (नियंत्रण कक्ष म्हणजे एक मोठी छत्री, प्लॅस्टिकची खुर्ची आणि पाण्याचा जार.) त्यामुळे मी फक्त "हं" म्हटलं आणि चहा संपवला. तो चहा कसा होता ते मला सांगता येणार नाही.

सुरुवातीपासून सांगते. नौदलातली माझी मुदत संपली हे तुला माहीत आहे. निरोपाच्या वेळी तूच हॉलमध्ये बॅनर लावला होतास आणि त्यावर माझ्या फोटोमागे विमानवाहू जहाज छापून घेतलं होतंस. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तू इतका खूश होतास. मी जहाजं चालवत नव्हते, मामा. मी गोदीत आलेल्या जहाजांचे पंप, व्हॉल्व्ह आणि पाइप तपासत होते. समुद्रावर गेले तेही पाइप बघायलाच. काम चांगलं होतं आणि मी ते चांगलं करत होते. पण बाहेर आल्यावर लक्षात आलं की लोकांना नौदल म्हणजे सुकाणू वाटतं, आणि लोकांना दुरुस्त करत बसणं माझ्या स्वभावात नाही. खाडी साहाय्य दलाच्या पहिल्या बैठकीत राजेशने (हा दलाचा प्रमुख, एरवी एका सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे कुठलीही बैठक तो पार्किंगपासून सुरू करतो) "आपल्याला साक्षात नेव्हीच्या मॅडम मिळाल्यात" असं सांगून बोट माझ्या ताब्यात दिली. मी तेव्हाही "हं" म्हटलं. माझ्या आयुष्यातले बरेच घोटाळे या एका अक्षरावर झालेले आहेत.

दल म्हणजे काय, तर हौशी माणसं. पगार नाही. सणासुदीला खाडीवर उभं राहायचं, कोणी खोल पाण्यात गेलं तर आत ओढायचं, आणि एरवी रविवारी सराव करायचा. सरावाला मी पोचले तेव्हा सगळ्यांकडे डबे होते. नौदलात हुकूम दिला की ऐकणारा तो मोठ्याने परत म्हणतो, मग करतो, आणि केल्यावर केलं म्हणून सांगतो. म्हणजे कुठे काही राहिलं तर लगेच कळतं. इथे हुकूम दिला की त्यावर चर्चा होते. मी "इंजिन बंद" म्हटलं की राजेश "नक्की ना?" विचारतो. मी सगळ्यांना परत म्हणण्याची पद्धत शिकवली आणि ती फक्त एका माणसाने मनावर घेतली. ते सहदेवकाका.

सहदेवकाका काजूपाड्यात राहतात, मूळचे देवगडकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः कांदिवलीच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी ती पद्धत अशी उचलली की टपरीवरसुद्धा मी दोन कटिंग सांगितले तर ते ताठ उभे राहून म्हणायचे, "दोन कटिंग, एक कमी साखर. कळलं, मॅडम." बाकीचे हसायचे. मीही एकदा हसले. त्यांनी मात्र सोडलं नाही. आणि हे नीट वाच: कोकणातला हा माणूस यंदा आयुष्यात पहिल्यांदा गावच्या गणपतीला गेला नाही, कारण दीड दिवसाच्या विसर्जनाला मॅडमनी त्याची ड्युटी लावली होती. मी ड्युटी लावली तेव्हा मला हे सुचलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं म्हणे. गावाहून भावाचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, नेव्हीचं काम आहे.

तर विसर्जनाचा दिवस. आमचं काम असं की धक्क्यापासून थोडं आत बोट नांगरून उभं राहायचं आणि पाण्यात उतरलेल्या लोकांवर लक्ष ठेवायचं. ओहोटी सुरू झाली होती. धक्क्यावर गर्दी होती आणि लाउडस्पीकरवर एक उत्साही गृहस्थ लहान मुलांना हात धरून न्यायला सांगत होते. मी बोट जागेवर आणली, राजेशला इंजिन बंद करायला सांगितलं (नक्की ना, नक्की), आणि पुढे उभ्या सहदेवकाकांना म्हटलं, नांगर टाका. ते म्हणाले, "नांगर टाका. कळलं, मॅडम." मग त्यांनी नांगर टाकला. नांगर गेला. त्याच्यामागे दोर गेला, छान उलगडत, कुठेही न अडकता, मी शिकवल्याप्रमाणे. मग दोराचं शेवटचं टोक आलं, बोटीच्या काठावरून उडी मारून तेही पाण्यात गेलं, आणि सहदेवकाका वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "नांगर टाकला, मॅडम."

नांगराच्या दोराचं आतलं टोक बोटीला बांधलेलं असावं लागतं. हे समजायला नौदलात जावं लागत नाही.

राजेश पाण्याकडे बघत "मॅडम, गेला ना यार" एवढंच म्हणाला. इंजिन सुरू करायला गेलो तर ते सुरू होईना. पाण्याने आम्हाला हळूहळू, अगदी सगळ्यांना नीट दिसावं अशा वेगाने, धक्क्यापासून तिवरांकडे नेलं आणि चिखलात बसवलं. मी ढकलायला खाली उतरले आणि गुडघ्यापर्यंत गेले; वर आले तेव्हा एक बूट खाली राहिला होता. लाउडस्पीकरवरचे गृहस्थ मुलांना सोडून आमच्याकडे वळले आणि भक्तांनी दलाच्या बोटीला सहकार्य करावं, असं विनंतीपूर्वक सांगू लागले. शेवटी एक तराफा घरचा गणपती बुडवून परत येत होता, त्यांनी दोर फेकला. त्यांनी आम्हाला मोरयाच्या गजरात ओढलं. तू ऐकलंसच.

व्हिडिओत जे ऐकू येत नाही ते आता सांगते. दोर यायच्या आधी, चिखलात उभी असताना, मी सहदेवकाकांवर ओरडले. धक्का दूर नव्हता. लोकांना ऐकू गेलं असणार, आणि त्यांची बायको द्रौपदीकाकू धक्क्यावर होत्या, त्यांना तर नक्कीच. मी म्हटलं, "सहदेव, दोर बांधलाय की नाही हे बघणं तुमचं काम नव्हतं का?" नुसतं सहदेव. माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस.

आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच मला आठवलं की तो दोर मी सोडला होता. आदल्या आठवड्यात मी तो बोटीवरून सोडून घरी आणला, का तर पाण्याची खोली कळावी म्हणून त्यावर मापाने लाल रंगाचे पट्टे मारायचे होते. (आईने बाल्कनीत त्यावर दोन टॉवेल वाळत घातले होते, त्यामुळे काही पट्टे फिकट आले.) मग तो परत नेला, वेटोळं करून पुढच्या बाजूला असा सुंदर ठेवला की राजेशने त्याचा फोटो काढला. बांधायचा राहिला. हे मला 'बांधलाय' आणि 'नाही' या दोन शब्दांच्या मधे आठवलं आणि तरीही मी वाक्य पूर्ण केलं. मामा, मी थांबू शकले असते. मी आवाजसुद्धा कमी केला नाही.

यानंतर मी काय केलं, तर वाट पाहिली. नौदलात काही बिघडलं की चौकशी बसते. तीन माणसं टेबलामागे बसतात, तुला प्रश्न विचारतात, आणि शेवटी दोष कुणाचा ते ठरतं. तुला स्वतःहून काही बोलावं लागत नाही. विचारलेल्याचं खरं उत्तर दिलं की झालं. मला विचारलं असतं तर मी खरंच सांगितलं असतं. पण इथे कोणी विचारेना. राजेशने नवीन नांगर कुठून आणायचा यावर चर्चा लावली. सहदेवकाकांनी दलाच्या ग्रुपवर लिहिलं की माझ्या हलगर्जीपणामुळे दलाची अब्रू गेली, सर्वांनी माफ करावं, मी थांबतो. लोकांनी खाली हात जोडलेले टाकले. माझी चौकशी कोणीतरी परस्पर संपवून टाकली होती, आणि निकाल माझ्या बाजूने लागला होता.

मग मी त्यांच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते, हे लक्षात घे. काकूंनी दार उघडलं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, तर त्या म्हणाल्या, "बस गो बाय, चाय ठेवतंय." सहदेवकाका आतून आले, हातात माझ्याकडून मिळालेलं नारिंगी जाकीट, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेलं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि खाली बघत म्हणाले, "माझ्यामुळा तुमचा नाव खराब झाला, मॅडम."

नेमकी तीच जागा होती. एक वाक्य लागत होतं. आणि मी, मामा, त्या माणसाच्या घरात, त्याच्या बायकोचा चहा हातात घेऊन म्हटलं, "ठीक आहे. पुढच्या वेळी लक्ष ठेवा."

ते म्हणाले, "लक्ष ठेवा. कळलं, मॅडम."

जिने उतरताना काकूंनी मागून येऊन कुळथाच्या पिठाची पिशवी हातात दिली. आई त्याची पिठी करते आहे रोज. मी पोट बिघडलंय असं सांगितलं आहे.

रविवारी रात्री ते दोघं गावी जायला निघतात. उरलेले गणपती बघायला, असं ते म्हणतात. पण राजेश सांगत होता की दिवाळीपर्यंत तरी परत येत नाहीत, आणि आल्यावरही खाडीकडे फिरकणार नाहीत. मला आतापर्यंत शरम अनेक कारणांनी वाटली आहे: व्हिडिओची, बुटाची, बॅनरवरच्या जहाजाची. ती सगळी मिळून चहाच्या त्या कपाच्या पासंगाला पुरत नाही.

असो. मामीला सांग, शुगर तपासत जा. लिफ्ट सुरू होईपर्यंत तू खाली उतरू नकोस.

तुझी,
रेवती

ता. क. — लिफ्टबद्दल वर लिहिलं ते रद्द समज. या रविवारी तुला खाली उतरावं लागेल. सकाळी बोरिवलीला ये आणि माझ्याबरोबर काजूपाड्याला चल. आपल्या घराण्यात माफी मागण्याचा खरा अनुभव फक्त तुला आहे. मामीला लग्नाच्या हॉलवर विसरून तू एकटाच घरी आला होतास, तेव्हा ती दार उघडेपर्यंत तू जिन्यात बसून होतास आणि शेवटी तिने तुला जेवायला वाढलं. हे कसं जमतं ते मला माहीत नाही. तू बोल, मी शेजारी बसेन. 'माझी भाची आहे, नवी आहे', असं काहीतरी म्हण.

ता. क. २ — व्हिडिओ ग्रुपवरून काढू नकोस. काढलास तर आई कारण विचारेल. मीच सांगते तिला आज.

ता. क. ३ — पाकीट चिकटवायच्या आधी हे पत्र पुन्हा वाचलं. रविवारी तू बोलायचं वाक्य यातूनच घेता येईल, असं वाटलं होतं. सापडलं नाही. दोराचं सगळं लिहिलं आहे, ओहोटीचं लिहिलं आहे, पण ते वाक्य कुठेच नाही. म्हणून इथे लिहून बघते. सहदेवकाका, दोर मी सोडला होता आणि मी बांधला नाही. चूक माझी होती, तुमची नव्हती. हे मला तेव्हाच माहीत होतं आणि तरी मी तुम्हाला बोलले. मला माफ करा, आणि जाकीट परत घ्या.

फार लांब नाही, पाठ होईल. तेव्हा माझ्या वतीने काही बोलू नकोस. पण ये. वर येऊ नकोस, खाली रिक्षात बसून राहा, आणि मी जाकीट घेऊन परत आले तर मला पुन्हा वर पाठव.