वनिताचं रक्त थांबेना

राळेगाव, सोमवार, संध्याकाळ

वनिता कापूस वेचता वेचता कळा सुरू झाल्या म्हणून थेट शेतातून आमच्या दवाखान्यात आली. बाळ झालं, वारही पडली, पण रक्त थांबेना. बाळंतपणानंतर गर्भाशय चेंडूसारखं घट्ट व्हायला हवं. पुस्तकात किती सोपं! माझ्या हाताखाली ते मऊच. इंजेक्शनं दिली, चोळत राहिले, तरी मऊच. मोठे डॉक्टर रजेवर, मी शिकाऊ. वनिताची सासू म्हणाली, "पोट्टं तं चांगलं रडून राह्यलं, मंग तुम्ही काहून रडता?" शेवटी तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो. गाडीतही पोट दाबूनच बसले. मरेल का ही? कळंब मागे पडलं आणि गर्भाशय एकदम आवळलं. रक्त थांबलं. वनिता कण्हली, "मॅडम, दुखून राह्यलं, हात काढा ना."

यवतमाळ येईपर्यंत काढलाच नाही.