चिन्मयची उडी

ती. आईंना,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "देवानं एक तरी मुलगा ठेवला." मी नुसतं "हो" म्हटलं.

समर्थची यूपीएससीची मेन्स निघाली, म्हणून चिन्मयनेच आम्हा दोघांना, भावाला आणि बायकोला, गुडगावच्या पुढे हॉट एअर बलूनमध्ये बसायला नेलं होतं. उतरताना वारा सुटला. टोपली मोहरीच्या शेतावर अगदी खाली आली होती आणि समोर हाय टेन्शनच्या तारा होत्या. पायलट ओरडला, "कोई मत कूदना! वजन कम हुआ तो ऊपर जाएगा!"

चिन्मयने उडी मारली. बलून वर उसळला आणि सरळ तारांत गेला. समर्थ आणि पायलट जागीच गेले. टोपली शेतात कोसळली; माझा फक्त डावा हात भाजला.

तो झटक्याने बाहेर फेकला गेला, असं चिन्मय सगळ्यांना सांगतो. पोलिसांना मीही तेच सांगितलं. माझं ड्रेसिंग तोच करतो. आज पट्टी बांधताना त्याने विचारलं, "देवयानी, तू तेव्हा कुठे बघत होतीस?"

"तारांकडे," मी म्हणाले.

तो बराच वेळ माझा हात धरून बसला.

उद्या तुम्ही दिल्लीला याल आणि त्याला पोटाशी धराल. धरा, आई. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही.

तुमची,
देवयानी