साखळी चालते, दोर चालत नाही

माय, तुला लिहायचं मी फार टाळलं. कधी खंडव्याच्या फलाटावर, कधी केळीच्या ट्रकवर दिल्लीकडं जाताना दोन ओळी जुळायच्या, मग कुठं चहा, कुठं कुणाचं भांडण बघत उभा राहिलो, की राहूनच जायचं. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होतो, शाळाही पुढं फार टिकली नाही, म्हणून हात चालत नाही असं म्हणता येईल. पण ते खोटं आहे. सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आजही नाही. आज आखाजी आहे, अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके खेळायचा सण, आणि मला दुपारपासून नुसती शिसारी आलीय.

धाकटीचं गेल्या उन्हाळ्यात लग्न झालं. पावसाळ्यात बाबाही गेले. लग्नानंतरची तिची ही पहिली आखाजी, म्हणून मुराळी होऊन मीच तिला आणायला गेलो. तिच्या सासूनं ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि चार बायकांदेखत म्हणाली, "मायबाप नाहीत, घराला बारा महिने कुलूप. कसलं माहेर न कसली आखाजी?" मी आपल्या चपला बघत बसलो. धाकटी मात्र आतून ठसक्यात बोलली, "माझा भाऊ झोका बांधतो. माय बांधायची त्याच चिंचेला." झालं. आता तो झोका म्हणजे तिला माहेर आहे की नाही याचीच परीक्षा. गल्लीतला लिंब नालीसाठी कधीच तोडला, घरावर पत्रे, झोका पेलेल असं आढं नाही. म्हणजे जागा एकच, तापीपल्याडच्या बागेतली ती चिंच.

तुला आठवते ना ती जुनी बादशाही बाग? मला तर सगळं आत्ता दिसतं. गल्लीतल्या बायका पुढं, तू मागं, खांद्यावर दोराचं वेटोळं. मी फांदीवर चढलोय आणि तू खालून ओरडतेयस, "आधी लुगड्याची घडी ठेव, मग दोर टाक. झाडाची साल निघाली तर तुझी काढीन!" मग तुम्ही बायका झोक्यावर आणि मी रिकामा, म्हणून पडक्या बारादरीच्या, त्या कमानींच्या मंडपाच्या, चुन्यावर खिळ्यानं नाव कोरायला घेतो. पाठीत धपाटा. "तुझ्या बापानं बांधली का रे ही?" आणि बाबा तिथंच सावलीला बसलेले, खो खो हसतायत.

आज सकाळी इतवाऱ्याच्या बाजारातून नवा दोर आणला. मध्येच मावा जिलेबीच्या दुकानात थांबलो, तिथं उशीर झाला, ते सोड. धाकटीला घेऊन बागेशी पोचलो तर फाटकाशी संरक्षित स्मारकाचा निळा बोर्ड. चौकीदारानं दोर बघितला. "रस्सी किसलिए?" म्हटलं, झोका, आखाजी है. "नहीं बंधेगा भैया. राज्य का कानून है. संरक्षित जगह है, सज़ा हो जाएगी." धाकटी नवं लुगडं नेसून उन्हात उभी, आणि मी पायरीवर बसून मोबाइलवर कायदा वाचत बसलो. माझं माहीत आहे तुला. अर्धं कळलं नाही, पण गुहा, शिलालेख, थडगी, टेकाडं, कशाकशाला स्मारक म्हणायचं ते वाचत गेलो आणि मला आवडायला लागलं. खरं सांगतो माय, कायदा वाईट नाही. जुनं मोडू नका, खरवडू नका, विचारल्याशिवाय काही लावू नका. तू धपाट्यात सांगायचीस तेच त्यांनी पानंच्या पानं लिहिलंय. मी धाकटीला म्हणणारच होतो, जाऊ दे, बरोबर आहे त्यांचं.

तेवढ्यात आतून गाणं वाजलं. आत जाऊन बघतो तर आपल्याच चिंचेला झोका. लोखंडी साखळी, तिला प्लास्टिकची फुलं, वर बसलेली एक होणारी नवरी, शेजारी गॉगलवाला नवरा, समोर फोटोवाला. जांभळ्या धुराच्या नळकांड्या बारादरीला टेकवून पेटवलेल्या, चुन्यावर डाग उठलेले. साखळी सालीत रुतलेली आणि भुगा त्या पोरीच्या केसांत पडतोय.

"ये क्या है?" मी चौकीदाराला विचारलं.

"उनके पास परमिशन है. भोपाल से."

"साल निकल रही है, दिखता नहीं?"

"पेड़ स्मारक में नहीं आता, भैया."

"तो फिर मेरी रस्सी क्यों नहीं?"

त्यानं फाटकाकडं हात दाखवला. "आप बहस बहुत करते हो."

धाकटी म्हणाली, "चाल ना भाऊ. लोक बघून राहिले." घरी येताच तिनं दोर कोपऱ्यात टाकला. आता आत आमरस काढतेय, कोयी अशा पिळतेय की ऐकू येतंय. उद्याच जाते म्हणाली. जाऊ नको कोणत्या तोंडानं म्हणू? मला त्या परमिशन देणाऱ्या साहेबांची किळस येते, ज्यांना दोराखालची लुगड्याची घडी दिसत नाही आणि साखळीवरची फुलं दिसतात. पावती दाखवली की सगळं संरक्षित.

हे पान काही पोस्टात टाकणार नाही. म्हणून एक लिहून टाकतो, जे मघाशी गाळलं. निघताना फोटोवाल्यानं हाक मारली, "भैया, पीछे से ज़रा धक्का दे दो, तुम फ्रेम में नहीं आओगे." आणि माय, मी दिला. दोनदा. हात आपोआप गेले. आखाजीला ज्या झाडाखाली बहिणीला झोका द्यायचा, तिथं मी त्या परक्या पोरीला दिला, आणि धाकटी खांद्यावर दोर घेऊन बघत होती. मला सगळ्यात जास्त किळस कुणाची आलीय ते आता तुला कळलं.

थांब, बाहेर रिक्षा आलीय. धाकटी हात न धुताच दाराशी गेली. सासू आहे तिची. एकटीच, हातात आंब्यांची पिशवी, अंगावर ठेवणीतलं लुगडं. आमच्या घरी कधी आली नव्हती. उंबऱ्यातूनच मला म्हणतेय, "कुठं बांधला रे झोका? चाल, दाखव. माझं माहेर तर कवाच संपलं. मलेबी बसू दे एकदा."