भुऱ्याच्या उशाशी तुमचा सदरा

अहो भुऱ्याचे बाबा,

गल्लीतले असं चिडवायचे तेव्हा तुम्ही रागवायचात, मग हळूच हसायचात. आज मीच म्हणते. तुमच्या कुत्र्याबद्दल बोलायला घरात दुसरं कोण आहे?

तो आता उठत नाही. माझ्या जुन्या सुती लुगड्यावर पडून असतो. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून त्याची कूस बदलते, कापसाने जीभ ओली करते. कूलर दिवसभर त्याच्यापुढे. तुम्ही म्हणाला असतात, "मले कधी इतकी हवा खाऊ देल्ली काय वं?"

पोटातली गाठ पसरली आहे. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवू. मी नाही म्हटलं. आपल्याच हातांनी कसं?

मग शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "त्याचा जीव मालकात अडकला वं. काहून तडफडू देतं त्याले? त्यांचं एखादं कापड ठेव उशाशी, सुटंल बिचारा."

माणसांसाठी करतात तसं. मला पटलं. तुमचा एकच सदरा मी न धुता पेटीत ठेवला होता, तुम्ही कारखान्यातून येऊन खुंटीला टांगलेला. कधी कधी पेटी उघडून तोंडाशी धरते.

तो त्याच्या नाकाशी ठेवला. त्याने वास घेतला, डोळे उघडले. आणि सुटला नाही हो! शेपटी हलवली, अंग ओढत फाटकाकडे निघाला. उंबऱ्यातच पडला आणि कण्हत राहिला. त्याला वाटलं, तुम्ही आलात!

मरायला टेकलेल्या जिवाला मी पुन्हा वाट पाहायला लावली.

तुम्हीही असे! दवाखान्यात गेलात ते आपल्या पायांनी, फाटक लावून. तिथूनच घाटावर नेलं. मला लोकांनी समजावलं, त्याला कोणी? त्याच्या लेखी तुम्ही अजून यायचेच आहात.

तुमच्या वर्तमानपत्रावरून मी वाचायला शिकले. मग मरणावरचंही पुष्कळ वाचलं. कुत्र्याला हे कसं सांगायचं, ते कुठेच सापडलं नाही.

डॉक्टरांना होकार कळवला आहे. उद्या सकाळी येतील.

त्याचं डोकं माझ्या मांडीवर असेल. तुम्ही येणार असं खोटं त्याच्या कानात सांगणार नाही, हे वचन. मी आहे, एवढंच सांगेन. सदरा त्याच्यासोबत मातीत देईन.

मग पेटी उघडायचं कारण राहणार नाही.

तुमची,
सुमन